चार्ज घ्यायला आलेला माणूस

थांबा, थांबा! — असे नका ओलांडू. म्हणजे ओलांडा, पण आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे, मग पुन्हा एकदा डावीकडे — हसा, खुशाल हसा, मलाही कळतंय की इथे रूळ नाहीयेत, रूळ कधीच उचलून नेले, राहिलीय ती नुसती खडी आणि तिच्यातून वर आलेलं गवत. तरी बघायचं. हां, आता या. जपून, फलाटाची कड ढासळलीय तिथे. मला वाटलं तुम्ही रस्त्यावरूनच फोटो काढून निघून जाल, बहुतेक जण तेच करतात, आणि तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा मी खिडकीत होते, हातातला पेलाच पडला — नाही हो, तुमच्यामुळे नाही, मी दचकतेच, कडी वाजली तरी दचकते, आमची मामी म्हणायची, हिला हाक मारायची तर आधी खोकावं लागतं. बसा ना. ह्या बाकावर बसा. त्या टोकाला नको, त्याचा पाय मोडलाय. काका म्हटलं तर चालेल ना तुम्हाला? केस पिकलेत म्हणून म्हटलं — रागावू नका, पिकलेत ते फार बरं झालं, आणि कोटही काळा आहे, म्हणजे अगदीच — का ते सांगते. सांगतेच. पण आधी तुम्हाला हवा तो इतिहास. बंद पडलेल्या स्टेशनांची माहिती जमवता ना तुम्ही? मला कसं कळलं? अहो, तुम्ही मघाशी दुकानात विचारलंत, आणि गावात कोणी नवीन शिरलं की बातमी त्याच्या आधी इथे पोचते. गाडी येत नसली म्हणून काय झालं.

जरा हळू बोलूया, चालेल? आत बाबा झोपलेत. माझे वडील. गोळी दिलीय, उठणार नाहीत इतक्यात. ही मागे आहे ती तिकीटखिडकी, तिच्या पलीकडेच त्यांची खाट. बंदच असते ती, काळजी नको.

तर — हे स्टेशन उभं राहिलं ते तहानेपोटी. खरंच सांगते. गावासाठी नाही, गाव होतंच कुठे तेव्हा, चार घरं आणि एक दगडाची खाण. खाणीतला दगड न्यायला लाईन टाकली, पुढे चढण होती, आणि कोळशाच्या इंजिनाला चढणीआधी पोटभर पाणी लागायचं. पाणी होतं ते ह्या टेकडीच्या पोटात, बारा महिने. ती टाकी दिसते ना — ते झाड झालं, त्याच्या मागे, गंजलेली — ती. माझे आजोबा त्या टाकीवर होते. लोखंडी सोंड फिरवायची, इंजिनाच्या डोक्यावर आणायची आणि पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. इंजिन पाणी पीत उभं राहायचं, आणि गाडी उभी राहिली की माणसं उतरणारच — पाय मोकळे करतात, पोराला झाडामागे नेतात, उगाच इकडेतिकडे बघतात. म्हणून चहावाला आला. मग न्हावी आला. हो, न्हावी! पाणी भरून होईस्तोवर दाढी. एकदा पाणी लवकर भरलं आणि एक गृहस्थ अर्धी दाढी घेऊन तसेच चढले, परतीच्या गाडीने आले आणि खुर्चीत बसून दुसरा गाल पुढे केला — असं आजोबा सांगायचे. आजोबा काहीही सांगायचे. पण न्हाव्याची खुर्ची होती, ती मी पाहिलीय, पाठ नसलेली. मग दुकान, मग शाळा, मग गाव. उभ्या गाडीच्या खिडकीतून बघून दोन लग्नंसुद्धा जमली इथे, त्यातलं एक माझ्या आईबाबांचं. आई भावाबरोबर भलतीकडेच निघाली होती, तिने खिडकीतून विचारलं, गाडी किती वेळ थांबेल हो? बाबा तेव्हा नवे स्टेशनमास्तर, कोटाची बटणं चकचकीत — ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तेवढी. जन्मात केलेला एकुलता एक विनोद. आई म्हणायची, त्या एका वाक्यावर मी फसले, नंतर दुसरं वाक्य आलंच नाही.

मग डिझेल आलं. डिझेलला तहान नाही. म्हणजे ज्याच्यासाठी स्टेशन होतं तेच गेलं, आणि स्टेशन आपलं उभं. आधी गाडी थांबायची, मग हळू व्हायची, मग नुसती शिट्टी देऊन — खाण संपली. रस्ता झाला. बस आली, ती फाट्यावरूनच जाते. लिहून घेताय ना? घ्या. घ्या, पण मला — किती वाजले हो? तुम्हाला परत शहरातच जायचंय ना? गाडीत तुम्ही एकटेच? मागची सीट रिकामी आहे? — नाही, सहज विचारलं.

सहज नाही विचारलं.

थांबा, ओळीनेच सांगते, मधलं सोडलं तर तुम्ही मला वेडी म्हणाल. शेवटची गाडी. वरून हुकूम आला, स्टेशन बंद. त्यात असं होतं की शेवटची गाडी गेल्यावर विभागातून माणूस येईल, स्टेशनमास्तरांनी त्याच्याकडे चार्ज द्यावा आणि मग जागा सोडावी. आता चार्ज म्हणजे — तुम्हाला माहीत असेल, एवढी स्टेशनं बघितलीत. सोडवणारा माणूस समोर उभा राहिल्याशिवाय स्टेशनमास्तरला जागेवरून हलता येत नाही. ताप असो, घरात काही असो, आभाळ कोसळो. तो येतो, किल्ल्या मोजून घेतो, झेंडे उघडून बघतो — गुंडाळलेले घ्यायचे नाहीत, आत कसर लागलेली असते — घड्याळाची चावी हातात घेतो आणि मोठ्याने म्हणतो, चार्ज घेतला. मगच. तर सामान आवरलं. शेवटच्या गाडीत आई बसली, आईच्या मांडीवर मी, वर ट्रंका, गाठोडी, मांजर. मामाकडे जायचं होतं आम्हाला. बाबा आईला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी चार्ज देऊन मागून येतो. आणि बायकोमुलीच्या गाडीला स्वतःच्या हाताने हिरवा झेंडा दाखवला. मी खिडकीतून ओरडत होते, बाबा अच्छा करा, अच्छा करा ना! — आणि ते पुतळ्यासारखे उभे. झेंडा समोर धरलेला, दुसरा हात मांडीला चिकटलेला. एवढंसं हलवला नाही. मी किती वर्षं तो राग धरला होता काका. मोठी झाल्यावर कळलं — गाडीसमोर हात जोरजोरात हलवला की तो धोक्याचा इशारा होतो. गार्डने बघितला तर गाडी थांबवणार. ड्यूटीवरच्या माणसाला कधीच हात हलवून निरोप देता येत नाही. आयुष्यभर. निरोप द्यायचा तो असा. ताठ.

पुढचं तुम्ही ओळखलंत. माणूस आला नाही. आजही नाही, उद्याही नाही. आमचा विभाग दुसऱ्या विभागात मिसळला आणि आमचं स्टेशन दोन्हींच्या मधल्या फटीत पडलं. रूळ उचलायला कंत्राटदार आला तर बाबा त्याला म्हणाले, रूळ न्या, पण आधी चार्ज घ्या. तो बिचारा म्हणाला, साहेब, मला फक्त लोखंडाचं सांगितलंय. — वेडे नाहीत हो ते! तुमच्या चेहऱ्यावर आलं म्हणून सांगते. सगळ्यांच्या येतं. स्टेशन बंद झालंय हे त्यांना तुमच्या-माझ्याइतकंच माहितीय. ते घंटा बडवत बसत नाहीत, दिवा दाखवत बसत नाहीत. पेपर वाचतात, रेडिओ दुरुस्त करतात, गावातली पोरं गणित विचारायला येतात. मी म्हटलं, बाबा, पेन्शन सुरू झालं की तुमचं, सुटलात तुम्ही. तर म्हणाले, पेन्शन सुरू झालं म्हणजे चार्ज दिला असं होत नाही. आता ह्यावर काय बोलायचं? बरोबरच आहे ना? बरोबर आहे हेच तर — काय झालं? कसला आवाज? काहीतरी सरकलं ना आत? — नाही. कबुतर असेल. छपरात आहेत.

आई गेली तेव्हा मामाने माणूस पाठवला, गाडी पाठवली. गाडी रिकामी परत आली. ते जाऊ दे.

ते जाऊ दे, काका, मी तुम्हाला हे सांगणार नव्हते. मला फक्त पायाचं सांगायचं होतं. बाबांचा पाय. साखर आहे त्यांना, अंगठ्याला जखम झाली, लपवून ठेवली, मोजे घालून. आता अंगठा काळा पडलाय. रंगाने म्हणते मी, काळा, ह्या तुमच्या बुटासारखा. दवाखान्यातल्या नर्सबाई सकाळी येऊन बघून गेल्या, मला बाहेर ह्याच बाकापाशी घेऊन आल्या, म्हणाल्या, आज शहरात नेलंस तर अंगठ्यावर भागेल. उद्या नेलंस तर पाऊल जाईल. परवा — आणि त्या चपला शोधत बसल्या. अँब्युलन्स बोलावली होती मी, परवा. आली! दोघं तगडे पोरगे होते, स्ट्रेचर घेऊन. बाबा खाटेवर उठून बसले, कोट घातला, म्हणाले, बाळांनो, मी ड्यूटीवर आहे. अशा काही आवाजात म्हणाले की ते पोरगे सॉरी साहेब म्हणून परत गेले. जाताना मलाच बोलले, ताई, आधी चौकशी करून बोलवायचं ना. उचलून न्यावं म्हणता? प्रयत्न केला. खिडकीचा गज धरून ठेवतात. बोटं सोडवायला गेले तर — वडिलांची बोटं सोडवायची म्हणजे — तुम्हाला मुलगी आहे? आहे ना? मग राहू दे.

तर मला तुमच्याकडून एवढंच हवंय. आत या, समोर उभे राहा आणि म्हणा, मास्तर, मी विभागातून आलोय, चार्ज घेतो. बस. खोटं आहे, माहितीय मला, मी काही लहान नाही. पण उठू नका ना, उठू नका! ऐका तरी. एकदा जमत आलं होतं. मामाला आणला होता मी. बाबांनी त्याला लग्नानंतर कधी बघितलंच नव्हतं, टक्कल पडलंय आता, दाढी वाढवून घेतली, कोट भाड्याने आणला, पाठांतर करून घेतलं — किल्ल्या, झेंडे, घड्याळाची चावी, सगळं. नटासारखा तयार! आणि पलीकडच्या बाजूने आला, सरळ खडीवरून, तरातरा, मान खाली. दोन्हीकडे बघितलंच नाही. बाबा खिडकीत होते. तो दारात पोचायच्या आत म्हणाले, ह्यांना चहा द्या आणि पाठवून द्या, हा रेल्वेचा माणूस नव्हे. मामा अजून माझ्यावर चिडून आहे, म्हणतो, तुझ्या बापासाठी कोट भाड्याने घेतला आणि मला हमालाहून वाईट वागवलं. म्हणून मघाशी तुम्हाला ओरडले मी. म्हणून. आता कळलं ना? तुम्ही बघितलंत दोन्हीकडे, ते जागे असते तर त्यांनी ते — झोपलेत म्हणा, पण मी सांगू शकते त्यांना, हे बघून ओलांडून आले.

सोपं आहे हो. मी शिकवते. किल्ल्या तीन, एक मालखोलीची, एक तिकिटाच्या कपाटाची, एक दिव्यांच्या खोलीची, तिला कुलूपच नाही पण किल्ली आहे. झेंडे दोन. हिरव्याला खालच्या कोपऱ्यात ठिगळ आहे, ते मीच लावलंय, त्यावर बोट ठेवून विचारायचं, हे काय? बाबा म्हणतील, दुरुस्त केलंय. तुम्ही म्हणायचं, ठीक. ठीक असं, बरं असं नाही, रेल्वेत बरं म्हणत नाहीत. हातदिवा एक, त्याच्या काचा तीन रंगांच्या, फिरवून बघायच्या. घंटा बाहेरून दिसते, ती वाजवायची नाही, नुसतं बघून मान हलवायची. मग घड्याळ. आणि मग — बघा, म्हणता म्हणता सगळं पाठ झालंय मला, कधी झालं कळलंही नाही. कॉलेजात सुद्धा वऱ्हांडा ओलांडताना डावीउजवीकडे बघायचे, मुली माझी नक्कल करायच्या.

कशाला अडकले मी इथे, असं मनात आलं ना तुमच्या? कॉलेज संपलं आणि चार दिवसांसाठी आले होते. बाबांना घेऊन जायचं, बस. शहरात ग्रंथालयात जागा होती माझ्यासाठी. दोनदा थांबले ते लोक. तिसऱ्यांदा कोण थांबतं? मी रोज उठते, खडी ओलांडून पाणी आणते, दोन्हीकडे बघून. रोज वाटतं, आज मुळीच बघणार नाही, आणि मान आपोआप वळते. आणि परवा त्यांचा मोजा काढला, अंगठा दिसला, आणि पहिला विचार काय आला माहितीय? रडू नाही आलं. वाटलं, चला, आता तरी निघावंच लागेल. — सुटले मी. असंच वाटलं. सुटले. — हे मी तुम्हाला का सांगितलं? हे लिहू नका. खोडा ते. हे इतिहासात नाही. —

बाबा!

तुम्ही — कधी उठलात? पाय टेकू नका, त्यावर भार नका देऊ, काका, धरा ना त्यांना जरा — नको? बरं, नको. कोट कशाला घातलात? बाबा, हे — हे विभागातून आलेत. चार्ज — काय? ... खिडकीची झडप उघडी होती? ... केव्हापासून ऐकताय?

आजोबांच्या त्या अर्ध्या दाढीच्या गोष्टीपासून.

म्हणजे सगळंच. ... नाही, बाबा, ते शेवटचं — ते मी तसं नव्हतं म्हणायचं. ... हो. हो, म्हणायचं होतं. ... काका, जाऊ नका, प्लीज, इथेच उभे राहा. बाबा, ह्यांची गाडी आहे, मागची सीट रिकामी आहे, खोटं तर खोटं, ह्यांना द्या ना चार्ज. दोन्हीकडे बघून आलेत! ... मी सांगितल्यावर बघितलं, हो, पण बघितलं ना! ... मग कोणाला? दुसरं आहे कोण इथे?

मला?

मला नका ना. मी रेल्वेत कुठे आहे बाबा? पाठ असलं म्हणून काय झालं, पोपटालाही पाठ होतं. ... न सांगता दोन्हीकडे बघते म्हणून? ... एवढ्यावर? ... आणि मी नाही म्हटलं तर? — नाही, आत नका जाऊ! गज सोडा. सोडा तो गज, बाबा, तुमच्या पायातून — काका, खाली बघू नका तुम्ही. घेते. घेते मी. द्या इकडे.

किल्ल्या. एक, दोन, तीन. ठीक. झेंडे — उघडते. लाल, ठीक. हिरवा. हे काय? ... दुरुस्त केलंय. ठीक. दिवा. काच, काच, काच. घंटा आहे. चावी द्या. — चार्ज घेतला. ... मोठ्याने? चार्ज घेतला!

एक विचारू, बाबा? मला सोडवायला कोण येणार?

... तुम्ही?

ह्या पायाने? ... तुम्ही येणार. अंगठा देऊन मागून येणार. — आईलाही असंच म्हणाला होतात.

... नाही. काही नाही. बोलू नका आता, दम लागतोय. काका, त्यांना हळू बसवा, पाय सीटवर आडवा राहू दे, आणि शहरात शिरताच डाव्या हाताला मोठं हॉस्पिटल आहे तिथे न्या, नर्सबाईंनी सांगून ठेवलंय त्यांना. मी? मी कशी येऊ? बघताय ना तुम्ही, माझ्या हातात काय आहे ते. ... तुम्ही वळणापर्यंत गेलात की टाकून देईन सगळं आणि बस पकडेन, असं म्हणताय? हो, तेच करणार. तेच करीन बहुतेक. पण ते मागच्या काचेतून बघत राहणार, वळण येईपर्यंत, आणि मी जागेवर दिसले नाही तर गाडी थांबवतील. म्हणून तोवर तर उभी राहू दे.

पोचलात की मला फोन करा. टाकीखाली रेंज येते, मी तिथे जाऊन उभी राहते. पुढच्या स्टेशनातून पोचल्याचं कळल्याशिवाय लाईन मोकळी होत नाही — काय बोलतेय मी, ऐका ना, बघा कशी बोलायला लागले.

निघा. मी हात हलवणार नाही, गैरसमज करून घेऊ नका. तुम्हीही नका हलवू. जा.